बोर आणि बोराटी

बालमित्रांनो, एक सोपा प्रश्न विचारते. बोरीचं झाड तुम्ही पाहिलंय का? "होऽऽ!" असं तुम्ही एका सुरात ओरडलात, ते मला इथे वडीगोद्रीत बसून ऐकू आलं. आता दुसरा प्रश्न. शेताच्या बांधावर कमरेएवढी काटेरी जाळी असते, तिला वाटाण्याहून थोडी मोठी, लालभडक बोरं लागतात. ती कोण?

इथे वर्गात दोन तट पडतात. निम्मी मुलं म्हणतात, "ही बोरीची पिल्लं. मोठी झाली की त्यांची झाडं होणार." उरलेली म्हणतात, "ही बोराटी. हिचं झाड कधीच होत नसतं." आमच्या चौथीत हे भांडण एवढं रंगलं, की मधली सुट्टी संपल्याची घंटासुद्धा कुणाला ऐकू आली नाही.

दुसऱ्या तटाचं बरोबर आहे. बोर आणि बोराटी या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. एक लहान आणि दुसरी मोठी असा हा हिशेब नाही. बोराटी शंभर पावसाळे जगली तरी ती बोर होणार नाही, जशी मांजर कितीही दूध प्याली तरी वाघीण होत नाही. मात्र वाघ आणि मांजर जसे एकाच कुळातले, तशी या दोघींचीही भावकी अगदी जवळची आहे.

शास्त्रज्ञ झाडांना नावं देताना आडनाव आधी लिहितात आणि नाव नंतर. या दोघींचं आडनाव झिझिफस. बोरीचं पूर्ण नाव झिझिफस मॉरिशियाना. लामार्क नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1789 मध्ये ते ठेवलं, मॉरिशस बेटावरून. म्हणजे बघा, आपल्या बांधावरच्या बोरीच्या नावात हिंदी महासागरातलं एक बेट येऊन बसलंय! बोराटीचं नाव झिझिफस नुम्म्युलारिया. उच्चारताना जीभ अडखळते, पण अर्थ गोड आहे. लॅटिन भाषेत त्याचा संबंध छोट्या नाण्याशी आहे. बोराटीचं पान इवल्याशा नाण्यासारखं गोल असतं ना, म्हणून. जुन्या पुस्तकांत आपल्या बोरीला 'झिझिफस जुजुबा' म्हटलेलं सापडेल. ते नाव आता चीनमधल्या बोरीला देतात. ती या दोघींची आणखी एक बहीण, थंडी सोसणारी.

भावकीचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगते. घरातली मोठी माणसं कधीकधी म्हणतात, "त्यांचा आणि आमचा काय, बादरायण संबंध!" म्हणजे ओढूनताणून जोडलेलं नातं. संस्कृतमध्ये बोरीला बदरी म्हणतात आणि हा शब्द तिच्यावरूनच आलाय. गोष्ट अशी, की एक वाटसरू एका अनोळखी घरासमोर गाडी सोडतो आणि घरच्यासारखा पाहुणचार घेतो. यजमान बिचारा विचारतो, "पाहुणे, आपलं नातं काय?" पाहुणा म्हणतो, "माझ्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं आणि तुमच्या दारात बोरीचं झाड. मग नातं नाही कसं?" गोष्ट हसण्यासारखी आहे, पण बोरीचं लाकूड टणक आणि चिवट असतं, ते गाडीला आणि अवजारांना वापरायचे, हेही तिच्यात सांगून टाकलंय. बोराटीच्या लाकडाचं चाक मात्र कुणाला करता येणार नाही. तिला खोडच नसतं म्हणा ना! मनगटाएवढी जाड फांदी मिळाली तरी खूप.

आता आमचं गाव कसं आहे ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वडीगोद्री जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात आहे. जालन्याहून अंबडवरून येणारा रस्ता इथे धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो. त्याच महामार्गाने दक्षिणेला गेलात, की शहागडला गोदावरी भेटते. पैठणच्या नाथसागरातून निघालेला डावा कालवा आमच्याच भागातून जातो. त्यामुळे कालव्याचं पाणी जिथे पोचतं तिथे ऊस, आणि जिथे पोचत नाही तिथे कापूस, तूर, बाजरी. बोरी दोन्हीकडे आहेत. बोराटी बघायची असेल तर कोरड्या अंगाला, मुरमाड माळावर जावं लागतं.

भांडण मिटवायला आम्ही तिकडेच गेलो. डी.एड.ला असताना सराव पाठासाठी मी पानांच्या प्रकारांचा एक सुरेख तक्ता केला होता, रंगीत खडूंनी. पण खरं सांगू, झाडापाशी उभं राहून पान हातात घेतल्यावर जे दहा मिनिटांत कळतं, ते तक्त्यावरून आठवडाभरात कळत नाही.

तुम्हीही असंच करा. आधी बोरीचं एक पान तोडा. ते साधारण तुमच्या अंगठ्याच्या पेरापासून अख्ख्या अंगठ्याएवढं लांब असेल, अंडाकृती. वरून गर्द हिरवं आणि चकचकीत, तेल लावल्यासारखं. आता उलटं करा. खालून पांढुरकी लव! जणू कुणी पानाला मागून फलालीनचं अस्तर लावलंय. देठापासून तीन ठळक शिरा निघून टोकाकडे जातात, त्याही दिसतील. मग बोराटीचं पान घ्या. ते नखाएवढं, फार तर दोन नखांएवढं, बहुतेक गोल. त्यालाही त्याच तीन शिरा आणि खालून तशीच लव. म्हणूनच माणूस फसतो. पण आता डोळे मिटा आणि पानाच्या वरच्या बाजूवर बोट फिरवा. बोरीचं पान गुळगुळीत लागतं, बोराटीचं मखमली. तिची लव वरच्या बाजूलाही असते. म्हणून लांबून पाहिलं तर बोर हिरवीगार दिसते आणि बोराटी राखाडी, धुळीत लोळल्यासारखी.

ही लव उगीच नाही बरं का. पानांना बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून पाणी वाफ होऊन उडून जातं. लव असली की गरम वारा थेट पानाला भिडत नाही आणि पाणी जपून राहतं. उन्हाळ्यात आपण डोक्याला उपरणं गुंडाळतो ना, तसंच. बोरीने एकाच बाजूला गुंडाळलंय, बोराटीने दोन्हीकडे. दोघीही मुळं खोल सोडतात आणि कडक उन्हाळ्यात पानं गाळून गुपचूप झोप काढतात. 2012-13 च्या दुष्काळात आमच्या जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या किती बागा वाळून गेल्या, हे तुमच्या आईवडिलांना विचारा. टँकरने पाणी घालूनही लोकांना झाडं वाचवता आली नाहीत आणि शेवटी कुऱ्हाड चालवावी लागली. बांधावरच्या बोरीला कुणी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं, तरी त्या उभ्या होत्या.

काट्यांकडे वळूया. तो तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा! पण नीट कधी पाहिलाय का? या दोघींच्या पानाच्या देठाशी काट्यांची जोडी असते. त्यातला एक सरळ असतो, सुईसारखा, आणि दुसरा मागे वाकलेला, आकड्यासारखा. सरळ काटा टोचतो आणि वाकडा काटा धरून ठेवतो. बोरीचे काटे आखूड असतात आणि काही झाडांना तर फारसे नसतातही. बोराटीचा सरळ काटा मात्र चांगला लांब आणि टोकदार असतो. एक युक्ती सांगते, ती मला माझ्या आजीने शिकवली. जाळीत हात अडकला तर बाहेर ओढू नका. आधी थोडा आत ढकला, आकडा सुटू द्या, मग अलगद वर काढा. ओढणाऱ्याची बाही फाटतेच.

मग बोराटीला एवढा मोठा काटा कशाला? ती जमिनीलगत आहे ना! बोर उंच जाते, शेळीच्या तोंडाबाहेर निसटते. बोराटी उंच जातच नाही, तिला सगळा जन्म शेळ्यामेंढ्यांच्या तोंडाशी काढायचा असतो. आणि तिचा पाला शेळ्यांना भलताच आवडतो. राजस्थानात तर बोराटीचा पाला वाळवून, झोडपून साठवतात आणि उन्हाळ्यात जनावरांना चारतात. त्याला तिकडे 'पाला'च म्हणतात. एवढं ओरबाडूनही ती मरत नाही. वरून तोडली की बुडातून पुन्हा धुमारे फुटतात.

इथे एक सावधगिरीची सूचना. नुसत्या उंचीवरून ओळखायला जाऊ नका. बोर वारंवार छाटली किंवा शेळ्यांनी सारखी खाल्ली, तर तीही खुरटी होऊन जाळीसारखी दिसते. पहिल्या तटातल्या मुलांनी अशीच एक खुरटी बोर आम्हाला मोठ्या हौसेने दाखवली, "बघा मॅडम, ही बोराटी आता बोर होत चाललीये!" पान चोळून पाहिलं, तर वरून गुळगुळीत. ती मुळातच बोर होती. एका दिवसात एवढी मोठी हार पचवणं त्यांना जड गेलं, पण त्यांनी ती पचवली.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे खाण्याची. दोघींना फुलं पावसाळ्यात येतात. हिरवट पिवळी, पाच पाकळ्यांची, इतकी बारीक की लक्षच जात नाही. वास काही छान नसतो. पण माश्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांना तो आमंत्रणासारखा वाटतो. दिवाळी झाली, की बोराटीची बोरं लाल व्हायला लागतात. लहान, गोल, चकचकीत. गर पातळ, आठोळीभोवती नुसता लपेटल्यासारखा. चव आंबटगोड आणि जिभेला थोडी ओढून धरणारी. बोरीची बोरं थोड्या निवांतपणे पिकतात. हिरवी, मग पिवळी, मग तांबूस. संक्रांतीला सुगडात ऊस, हरभरा, गाजर यांच्याबरोबर बसायला ती वेळेवर हजर होतात. लहानग्यांच्या बोरन्हाणाला डोक्यावरून ओततात तीही हीच. क जीवनसत्त्व भरपूर असतं, हे तुमच्या पुस्तकात आहेच, मी वेगळं सांगत नाही.

बागेतली मोठी बोरं, म्हणजे उमराण, कडाका, जळगावची प्रसिद्ध मेहरूण, ही सगळी बोरीचीच लेकरं. गावठी बोरीच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरून ही झाडं तयार करतात. गेल्या काही वर्षांत बाजारात हिरवी, सफरचंदासारखी दिसणारी 'ॲपल बोर' आलीत, मूळची थायलंडकडची. तीही बोरीच्याच घराण्यातली. रसाळ असतात, नाही म्हणत नाही. पण गेल्या वर्षी पहिलीतल्या एका चिमुरड्याला मी बांधावरचं बोर दिलं, तर तो म्हणाला, "मॅडम, हे खराब झालंय, केवढंसं आहे!" मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

वाईट वाटण्याचं कारण असं. बोरीला माणसाने बागेत नेलं, नावं दिली, तिचा भाव होतो. बोराटीला कोण विचारतं? पूर्वी निदान कुपाटीला तिच्या काट्या लागायच्या. आता तारेचं कुंपण आलं. बांध कोरून जेवढी जमीन वाढेल तेवढी हवी असते, त्यामुळे यंत्र आलं की पहिला घाव बोराटीवर पडतो. "नुसतं काटेरी झुडूप तर आहे" म्हणून ती मुळासकट निघते. माळावरून येताना मी ज्या जाळ्या ओळखीच्या म्हणून बघायची, त्यातल्या निम्म्या माझ्या डोळ्यांदेखत गेल्या.

आमच्या शाळेच्या मागच्या बाजूलाही बोराटीची एक लांबलचक जाळी आहे. एका मुलाच्या पायात काटा मोडला, तेव्हा पालकांच्या बैठकीत विषय निघाला, की ही घाण एकदाची काढून टाका. पालकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पोराच्या पायाला पू झाला होता आणि आईने दोन दिवस मजुरी बुडवली होती. मी एवढंच म्हणाले, "मला दोन आठवडे द्या. त्या जाळीत कोण कोण राहतं ते मुलं मोजतील. मग ठरवू."

मुलांनी वही केली. बुलबुल, मैना बोरं खायला येतात, हे पहिल्याच दिवशी लिहून झालं. तितराची एक जोडी संध्याकाळी जाळीखाली शिरते. मुंगसाची ये-जा आहे. सरडे तर विचारूच नका. एका सकाळी काळपट विष्ठेत बोराच्या आठोळ्याच आठोळ्या सापडल्या. कोल्हा, खोकड हे प्राणी बोरं आवडीने खातात आणि आठोळ्या लांब नेऊन टाकतात. आमच्याकडे रात्री कोण येऊन गेलं यावर मुलांनी तासभर वाद घातला. आणि एक पांढरं, अंगावर काळे ठिपके असलेलं छोटं फुलपाखरू. त्याला मराठीत कवडी म्हणतात. ते आपली अंडी बोरीच्या कुळातल्या झाडांवरच घालतं, कारण त्याच्या अळ्यांना हाच पाला लागतो. बोरं गेली तर आपण पेरू खाऊ. त्या अळीने कुठे जायचं?

पुढच्या बैठकीला मुलांनीच ती वही वाचून दाखवली. शेवटी ठरलं असं, की मुलं येतात-जातात त्या वाटेकडची जाळी काढायची आणि मागची ठेवायची. अर्धी गेली, अर्धी राहिली. ज्या आईचा मुलगा जखमी झाला होता, तिनेच वाटेवर पडलेले काटे वेचून जाळले.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या वर्गातली एक मुलगी दरवर्षी दिवाळीनंतर उसाच्या तोडीला जाते. म्हणजे आईवडील जातात, आणि धाकट्या भावाला सांभाळायला तिला न्यावं लागतं. बाकीच्या काही मुलांना आम्ही आजी-आजोबांकडे थांबवू शकलो, हिला नाही. टोळी निघते तेव्हा बोराटी जेमतेम लालायला लागलेली असते. कारखान्याचा पट्टा पडून ती परत येते तेव्हा बोरांचा हंगाम संपलेला असतो. ट्रॅक्टरमध्ये बसताना तिने मैत्रिणींना बजावलं, "माझ्या वाट्याची ठेवा गं!"

मैत्रिणींनी शब्द पाळायचं ठरवलं. त्यांनी तीन डबे केले. एकात विकतची मोठी हिरवी बोरं, एकात बोरीची, एकात बोराटीची. मोठी बोरं आठ दिवसांत काळी पडली आणि त्यांना वास यायला लागला. बोरीची उन्हात घातली, त्यातली काही सुरकुतून टिकली, पण गर जाड असल्यामुळे बऱ्याचशांत अळी पडली. बोराटीची बोरं चार उन्हांत खणखणीत वाळली. डबा हलवला की खुळखुळ्यासारखा आवाज. आता मला सांगा, लहान आणि मोठ्या बोरातला हा फरक कुठल्या तक्त्यावर मावला असता?

चैत्रात ती आली. हातांवर उसाच्या पानांचे ओरखडे होते, उंची दोन बोटं वाढली होती आणि गुणाकार थोडा विसरली होती. मैत्रिणींनी तिच्यासमोर डबा ठेवला. तिने एक बोर तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं आणि आठोळी फेकली नाही, मुठीत धरली. म्हणाली, "मॅडम, ही लावली तर येईल का?"

येते ना! आठोळी तशीच पुरली तर उगवायला तीन-चार आठवडे लागतात. दगडाने हलकेच फोडून आतलं चपटं बी काढून लावलं, तर आठवडाभरात कोंब दिसतो. पण जपून, दगड जोरात बसला की बियाचा भुगा होतो. आम्ही दोन्ही प्रकारच्या आठोळ्या फोडल्या. काही बिया भुगा होऊन पोटात गेल्या, वाचल्या त्या दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावल्या आणि खापराच्या तुकड्यांवर नावं लिहून ठेवली. मागच्या कुंपणाला जिथे जाळी विरळ आहे तिथे पावसाळ्यात बोराटी लावायची, आणि मैदानाच्या कोपऱ्यात, सावली हवी तिथे, बोर. पाण्याची पाळी तिने आपल्या हातात घेतलीय. रोज सकाळी प्रार्थनेआधी ती पिशव्यांपाशी उकिडवी बसते आणि बोटाच्या टोकाने एकेका पानाचा माथा चोळून बघते.